गोजराआत्याचे हात

चिंचटेकाला अजून गाडीरस्ता नव्हता, टेक चढायचा तर बैलवाटेनंच चढावा लागे, तेव्हाची ही हकिकत. लहानांनी पुढे सरकून बसावं, मोठ्यांनी मागे टेकावं, पण ऐकावं सगळ्यांनी.

टेकावर पाणी थोडं. शेतं पावसाच्या भरवशावर. पण प्रत्येक घरामागे, न्हाणीचं पाणी वाहून जाई त्या ओलीत, बायकांनी टमाट्याची आठ-दहा झाडं लावलेली असत. उन्हाळ्यात दुसरी भाजी दिसत नसे. तेव्हा हीच टमाटी कालवणात पडत, हीच वाळवून मडक्यात भरत, आणि घरात दुसरं काही नसलं तरी भाकरीला लावायला लाल काहीतरी असे. टमाट्यावर चिंचटेकाचे चार महिने निघत.

या गावात गोजराबाई नावाची बाई होती. ती गावचीच लेक. तरुणपणी कपाळ पांढरं झालं आणि ती भावाच्या, हरबाच्या घरी परत आली. हरबाची मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून शेजारी आत्या म्हणू लागले, आणि होता होता गावचे सुभानराव पाटीलही तिला आत्या म्हणू लागले. पाटील तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते.

तिला अक्षर एकही येत नव्हतं. पण पान वाचता येई.

खालची पानं पिवळी पडली तर ती म्हणे, झाड उपाशी आहे, शेणखत घाला. वरची कोवळी पानं पिवळी पडली तर म्हणे, मुळं बुडाली आहेत, पाणी तोडा. खालच्या पानावर एकात एक काळी वर्तुळं दिसली तर मातीचे शिंतोडे उडू देऊ नका म्हणे, आणि बुंध्याशी पाचोळा अंथरायला लावी. एकदा पाटलांची बायको शेवंता धावत आली.

"आत्या, समदी पानं सुरळी होऊन बसली. झाडं काय जगत न्हाईत आता."

आत्या उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "भर उन्हात तू डोईवर पदर घेतीस का न्हाई? तसा त्यांनी घेतलाय. सांज होऊ दे, आपसूक सोडतील."

सांज झाली आणि पानं उलगडली.

असं म्हणतात, की ती कुंपणाबाहेर उभी राहून नुसत्या सळसळीवरून ओळखी, की आत कुठलं झाड तहानलं आहे. असं म्हणतात, की तिनं पानाची पाठ बोटानं पुसली की त्यावरचा मावा गळून पडे. लोक तिच्या हाताला हात म्हणत नसत, औषध म्हणत.

आत्या कुणाकडून काही घेत नसे. तिचा एकच मान होता. ती परसात आली की घरच्या बाईनं चंचीतून चिमूटभर तंबाखू काढायची आणि तिच्या तळहातावर ठेवायची. आत्या तिथंच, झाडापाशी उभी राहून, तंबाखूला चुना लावी, अंगठ्यानं मळी, दाढेखाली धरी, आणि मग पान हातात घेई. तंबाखू ठेवल्याशिवाय आत्याला बोलावणं म्हणजे तिचा अपमान, असं सगळे मानत.

असं बरीच वर्षं चाललं. मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी टमाट्याच्या पानांवर हिरवे-पिवळे तुकडे दिसू लागले. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तसं पान दिसे. मग पान आक्रसे, चिंचोळं होई, शेवटी दोरीसारखं लोंबे. फुलं गळत. एखादं फळ धरलंच तर आतून काळपट निघे. बायकांनी त्याला गोधडी रोग असं नाव दिलं.

घराघरातून आत्याला बोलावणं आलं. आत्या गेली. तिनं राख फुंकली, निंबाचं पाणी शिंपडलं, एकेक पान उलटून पाहिलं. पाठीवर मावा नव्हता, पांढरी माशी नव्हती, काहीच नव्हतं. पहिल्यांदाच तिला पान वाचता येईना. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरोघरी चंच्या उघडत होत्या. पण आत्या जितकी फिरली तितका रोगही फिरला.

अवघ्या गावात एकच परस हिरवंगार राहिलं. ते बयजाचं.

बयजा घाटाखालची पोर. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन टेकावर आली होती. नवरा पलटणीत, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. बयजा रोज पाटलांच्या घरी जाऊन ताक घुसळी आणि त्याबद्दल तांब्याभर ताक घरी आणी. तिच्या झाडांना त्या वर्षी इतकी टमाटी लागली की काठ्या वाकल्या.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. ही झाडं का जगली, असं कुणी विचारलं नाही. आपली मेली आणि हिची जगली, एवढंच सगळ्यांना दिसलं.

"माझ्याच घरचं ताक घुसळती आणि माझ्याच परसाला नजर लावती," शेवंता पाटलीण म्हणाली. "घाटाखालच्या बायांना कायबाय येतं, ऐकलंय मी."

"ऐकलंय न्हवं, बघा आता!" दुसरी म्हणाली. "आमची जळत्यात आन हिची फुगत्यात."

बोलणं पाणवठ्यावरून चावडीवर गेलं. चावडीत ठरलं, की बयजाची झाडं उपटून तिच्या दारात टाकायची, आणि तिनं सासूला घेऊन टेक उतरायचा. पण पाटील म्हणाले, "आधी आत्याला पाहू द्या. आत्या सांगंल, करणी हाय का न्हाई."

म्हणून आत्या बयजाच्या परसात गेली. सगळा गाव कुंपणाबाहेर उभा राहिला.

आत्यानं झाडांकडे पाहिलं. खालचं पान, मधलं पान, शेंडा. एकाही पानावर डाग नव्हता. तिनं बयजाला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरी, इतक्या दिसात तू मला एकदाबी बोलावलं न्हाईस. का गं?"

बयजानं मान खाली घातली.

"तुमच्यापुढं ठेवायला चिमूटभर तंबाखू नव्हती, आत्या. रिकाम्या हातानं कसं बोलवू?"

"मग झाडांची निगा कशी राखलीस?"

"कसली निगा? ताक घुसळून येते आणि तशाच हातानं पानं खुडते. धुवायला पाणी कुठं असतं."

असं म्हणतात, की ते ऐकून आत्यानं आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. तिच्या डोळ्यांपुढे गावातली घरं एकेक करून आली. आधी कुणाची झाडं गेली? तिच्या भावाची. मग कुणाची? शेजारच्या, वेशीकडच्या घरांची, मग मारुतीच्या पाराकडची, मग पाटलांची. ती ज्या वाटेनं निघे, त्याच वाटेनं रोग चालत गेला होता. ज्या दारी तिला मान मिळाला, त्या दारी झाड मेलं होतं.

तिनं गावाकडे वळून सांगितलं, "पंधरा दिस थांबा. तवर या झाडांना कुणी शिवायचं न्हाई."

मग तिनं बयजाकडे दोन झाडं मागितली.

"घ्या की," बयजा म्हणाली. "न्हाईतरी उपटणारच हाईत."

आत्यानं कमरेची चंची सोडली, तंबाखू मळली आणि त्याच बोटांनी पहिल्या झाडाची पानं हलकेच चोळली. मग बयजाच्या तांब्यातल्या ताकात हात बुडवले, कोपरापर्यंत धुतले, आणि दुसऱ्या झाडाची पानं तशीच चोळली. ती पंधरा दिवस रोज येई आणि दोन्ही झाडांपुढे बसे. असं म्हणतात, की त्या दिवसांत तिनं अन्नाला शिवलं नाही, फक्त बयजा देई ते ताक घेतलं.

बाराव्या दिवशी पहिल्या झाडाच्या शेंड्यावर गोधडी उमटली. दुसरं झाड तसंच हिरवं होतं.

त्या दिवशी दुपारी तिनं भावाला सगळं सांगितलं. हरबा घाबरला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरला.

"अक्का, गप राहा. कुणाला कायबी सांगू नगंस. तुझ्या नावानं गाव माझ्या दारी येतंय. ते नाव गेलं तर तुला कोण विचारणार? दगडं मारतील."

"आन पोर?"

"ती परक्या गावची. कुठंबी जगंल."

आत्या म्हणाली, "हरबा, मी गप बसले तर पुढल्या साली बी लावतील, मला बोलावतील, मी जाईन, आन पुन्हा मारीन. नाव राहील. झाडं न्हाई राहायची."

पंधराव्या दिवशी सगळा गाव बयजाच्या कुंपणापाशी जमला. काहींच्या हातात खुरपी होती. शेवंता पाटलीण सगळ्यांत पुढे होती. सासू आतून कण्हत होती. बयजानं आपलं गाठोडं बांधून उंबऱ्यावर ठेवलं होतं.

"बोला आत्या," पाटील म्हणाले. "करणी हाय का?"

"हाय," आत्या म्हणाली.

गर्दीतून एक हुंकार निघाला. खुरपी पुढे सरकली. बयजानं गाठोडं उचललं.

आत्यानं दोन्ही तळहात पसरून सगळ्यांपुढे धरले.

"ही बघा. ह्या हातांची हाय. ह्या सालच्या तंबाखूतच रोग आला असंल. ती तुमच्या दारी मी मळली आन त्याच हातांनी तुमच्या झाडांना इख घातलं. मला ठावं नव्हतं. पण घातलं मीच. उपटायचं असंल तर मला उपटा."

मग आत्यानं ती दोन झाडं दाखवली, कुठल्या झाडाला कुठला हात लावला ते सांगितलं, आणि रोग कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला तेही सांगितलं. प्रत्येक बाई मनातल्या मनात आपलं घर आणि आत्या आली तो दिवस जुळवून पाहत होती. सगळं जुळत होतं.

"आत्या," शेवंता शेवटी म्हणाली, "तंबाखू तर आम्हीच ठेवत होतो."

आत्यानं बयजाला हाक मारली. म्हणाली, "पोरी, घंगाळ आण. माझ्या हातांवर ताक घाल." बयजानं गाठोडं खाली ठेवलं आणि ताक घातलं. असं म्हणतात, की घंगाळात साचलेलं ते पांढरंशुभ्र ताक बघता बघता काळं पडलं, शाईसारखं, आणि आत्याचे तळहात तान्ह्या पोराच्या तळहातांसारखे गोरे झाले. किती वर्षांचं काळं होतं ते, कुणी सांगावं.

मग त्या दिवशी गावात झाडं उपटली गेली खरी, पण बयजाची नव्हे. प्रत्येक घरानं आपली रोगट झाडं मुळासकट काढली आणि वेशीबाहेर नेऊन जाळली. पहिली आत्यानं स्वतःची काढली. त्या उन्हाळ्यात चिंचटेकानं कोरडी भाकरी खाल्ली. पुढच्या साली सगळ्या गावानं बयजाच्या झाडांचं बी लावलं. बयजानं ते शेवंता पाटलिणीलाही दिलं, आणि दोन दाणे जास्तच दिले.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. लोक तिला बोलावतच राहिले, आधीपेक्षा जास्त. तिनं चंची सोडली ती कायमची. परसात शिरताना ती दोन्ही हात पाठीमागे बांधी, वाकून नुसत्या नजरेनं पान पाही, आणि जे कळलं ते सांगे. जे कळलं नाही तेही सांगे. असं म्हणतात, की तिला अग्नी दिला त्या जागी टमाट्याचं एक झाड उगवलं, आणि ते बाराही महिने हिरवं राहिलं.

आता टेकावर डांबरी रस्ता आला आहे. बी पाकिटातून येतं, दुकानात औषधाच्या बाटल्या मिळतात. पण चिंचटेकाच्या प्रत्येक परसाच्या दाराशी आजही ताकाचं भांडं असतं. त्याला आत्याचं ताक म्हणतात. त्यात हात बुडवल्याशिवाय कुणालाही टमाट्याला शिवू देत नाहीत. मागच्या साली तालुक्याहून शेतीचे साहेब आले, तेव्हा एका म्हातारीनं त्यांनाही अडवलं. "साहेब, शिकलेले असाल, पण हात हातच असतोय." साहेब हसले, आणि त्यांनी हात बुडवले.

आणि रोपं लावायच्या दिवशी अजून एक रीत पाळतात. गावातली सगळ्यांत जाणती बाई, जिचा शब्द झाडापेडाच्या बाबतीत शेवटचा मानतात, ती वाफ्याच्या कडेला बसते आणि दोन्ही तळहात पुढे पसरते. गावात सगळ्यांत नवी आलेली सून, मग ती कुठल्याही गावची असो, त्या हातांवर ताक घालते. ते हात नीट निरखून पाहते. तोवर कुणीही बोलत नाही, पोरंसोरंसुद्धा गप्प उभी राहतात. सुनेचं समाधान झालं की ती म्हणते, "लावा."

तिनं म्हटल्याशिवाय चिंचटेकात पहिलं रोप मातीत जात नाही.