परिकेंद्राचे बारसे

एकदा एका माळावर, एका वृद्ध गणिताचार्यांच्या आश्रमात, श्रीरंग नावाचा एक शिष्य शिकत होता. बुद्धी तल्लख, वाणी त्याहून तल्लख. भूमितीतली कोणतीही संज्ञा विचारावी आणि त्याने तिची व्याख्या एका दमात सांगावी. जीवा, कर्ण, स्पर्शिका, लंबदुभाजक. कुठे अडखळणे नाही, कुठे एक शब्द इकडचा तिकडे नाही. इतर शिष्य कौतुकाने ऐकत. आचार्यही ऐकत, पण कौतुक करत नसत.

त्या माळावर तीन वाड्या होत्या. वरची, खालची आणि ओढ्याकाठची. तिन्हींत मिळून एक शाळा व्हावी म्हणून एका व्यापाऱ्याने लाकूड आणि कौले देऊ केली होती. अट एकच होती, जागा तिन्ही वाड्यांनी एकमताने ठरवावी. एकमत झाले नाही, तर सामान पलीकडच्या खोऱ्यात जाणार होते. आणि एकमत काही होत नव्हते. प्रत्येक वाडीला शाळा आपल्या दाराशी हवी होती. दुसऱ्यांची पोरे चालली तर चालतील, आपली दमतील, असे प्रत्येकाला वाटे. शेवटी मंडळी आश्रमात आली आणि म्हणाली, तुम्ही सांगाल तिथे बांधू.

आचार्यांनी श्रीरंगला पाठवले.

श्रीरंग उत्साहाने गेला. रात्री खालच्या वाडीत जेवला आणि सकाळी तिथल्या पारावर, जमलेल्या तिन्ही वाड्यांसमोर उभा राहिला. तीन वाड्या म्हणजे त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू, बाजूंचे लंबदुभाजक एकसंपाती असतात, त्यांचा संपातबिंदू तो परिकेंद्र, आणि परिकेंद्र तिन्ही शिरोबिंदूंपासून समदूर असते, तेव्हा शाळा परिकेंद्रावर बांधावी, असे त्याने सांगितले. सांगणे निर्दोष होते. ऐकणारे एकमेकांकडे पाहत राहिले.

वरच्या वाडीचे धोंडजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारले, "हे परिकेंद्र कोणत्या वाडीच्या हद्दीत येतं?"

श्रीरंगने तीच व्याख्या पुन्हा सांगितली, या वेळी जरा मोठ्या आवाजात. मग कोणीतरी म्हणाले की रात्री हा कोणाच्या घरी जेवला ते आधी बघा. झाले, पारावर गलका उठला. ओढ्याकाठच्या लोकांनी धोतरे झटकली आणि ते निघून गेले.

श्रीरंग परतला तो रागानेच. हे लोक अडाणी आहेत, यांना शाळा कशाला हवी, असे तो बरेच काही बोलला. आचार्यांनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवळातला ढोल मागवला आणि श्रीरंगच्या गळ्यात अडकवला.

"आज तू एक अक्षरही बोलायचे नाहीस," ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हा ठोके द्यायचे. एका लयीत."

श्रीरंगला यातला अर्थ लागेना. व्याख्या पाठ करणाऱ्याला ढोल बडवायला लावणे हा अपमान आहे की शिक्षा, हेही त्याला कळेना. पण गुरूंची आज्ञा होती. तो माळाच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. ढोल ऐकून तिन्ही वाड्या घराबाहेर आल्या. भांडायला नव्हे, तर ढोल ऐकून आलेले लोक तसे खुशीतच असतात.

आचार्यांनी प्रत्येक वाडीतून एकेक बाई निवडली, तिघी उंचीने आणि चालीने सारख्या. वरच्या वाडीची तान्हाबाई, खालच्या वाडीची गोदू आणि ओढ्याकाठची रखमा. तिघींची मुले शाळेच्या वयाची होती. आचार्यांनी तान्हाबाईला आणि गोदूला आपापल्या वाडीच्या वेशीवर उभे केले, मधला एक दगड दाखवला आणि सांगितले, ठोक्याला एक पाऊल टाकत सरळ त्या दगडाशी या. गोदू आधी पोहोचली. मग जागा थोडी तान्हाबाईच्या बाजूला सरकवली आणि दोघींना पुन्हा वेशीवरून चालवले. शेवटी दोघी एकाच ठोक्याला समोरासमोर आल्या आणि हसू लागल्या. आचार्यांनी तिथे एक पताका रोवली.

मग त्यांनी थोडी वरच्या अंगाची जागा दाखवली. मग आणखी वरची. दोघी एकाच ठोक्याला जिथे जिथे भेटत, तिथे तिथे पताका लागे. आता पोरेही बायांमागे पावले टाकू लागली होती, म्हातारे ओरडून दिशा सांगत होते, आणि कोण आधी पोहोचते यावर पैजा लागत होत्या.

उंचवट्यावरून श्रीरंगला सगळा माळ दिसत होता. पताका वाढत गेल्या तसे त्याच्या लक्षात आले की त्या वेड्यावाकड्या पसरलेल्या नाहीत. त्या एका सरळ रेषेत उभ्या आहेत, दोन वाड्यांच्या बरोबर मधून, त्यांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात निघालेल्या. लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या टोकांपासून समदूर असतो. हे वाक्य त्याने कितीदा म्हटले होते. ते आज त्याच्यासमोर वाऱ्यावर फडफडत होते.

त्याचा ठोका चुकला. खाली बायांची पावले अडखळली. आचार्यांनी वर पाहिले आणि पुन्हा खूण केली.

मग गोदू आणि रखमा चालल्या. पताकांची दुसरी रांग उभी राहिली आणि एका ठिकाणी पहिल्या रांगेला छेदून गेली. आचार्यांनी तिघींना आपापल्या वेशीवर परत पाठवले आणि त्या छेदाकडे बोट दाखवले. ढोल वाजू लागला. तिघी तीन दिशांनी निघाल्या आणि एकाच ठोक्याला एकमेकींना येऊन भिडल्या.

धोंडजी पुढे आले. त्यांनी पायाखालची जमीन काठीने टोकरून पाहिली. "कोणाचंच पोर कोणापेक्षा जास्त चालणार नाही," ते म्हणाले. "मग भांडायचं कशावरून?" आणि मग त्यांनी विचारले, "महाराज, अशा जागेला काही नाव असतं का?"

आचार्यांनी श्रीरंगला उंचवट्यावरून खाली बोलावले आणि आता बोल, अशी मान हलवली.

"परिकेंद्र," श्रीरंग हळूच म्हणाला.

तान्हाबाईने तो शब्द दोनदा घोळून पाहिला. मग पोरांनी तो उचलला आणि माळभर नेला.

परत येताना श्रीरंगने विचारले, "गुरुजी, मी कालही हेच सांगितले होते. मग काल ते भांडले का?"

आचार्य म्हणाले, "बाळ जन्मल्यावर बारसे करतात, श्रीरंग. तू रिकाम्या पाळण्याला झोके देत होतास. व्याख्या खोटी नव्हती, पण त्यांच्या मनात जी वस्तू अजून जन्मलीच नव्हती, तिचे नाव ते कशाला घेतील? आधी गोष्ट दाखवावी. ती दिसली की माणूस स्वतःच तिचे नाव विचारतो, आणि मग ते जन्मभर विसरत नाही."

चालता चालता श्रीरंग म्हणाला, "गुरुजी, पाळणा माझाही रिकामाच होता."

"ठाऊक आहे," आचार्य म्हणाले. "म्हणून तर ढोल तुझ्या गळ्यात घातला. उंचावरून सगळे दिसते."

पावसाळ्याआधी शाळेवर कौले चढली आणि श्रीरंग तिथेच शिक्षक झाला. भूमितीच्या तासाला त्याचा वर्ग बहुधा रिकामा असे. गुरुजी आणि पोरे बाहेर माळावर असत, आणि आतल्या फळ्यावर नवा शब्द तेव्हाच उमटे, जेव्हा एखादे पोर धावत आत येऊन विचारी, "गुरुजी, याला म्हणायचं काय?"