झाकलेलं ताट

“…आणि एवढी सुंदर चित्रं समोर असताना मुलं जांभया का देतात, काकी?”

द्वारकाकाकी विळीवर नारळ खवत होती. तिनं हात थांबवला नाही.

विचारणारी सुमेधा तेंडोलकर, गावच्या शाळेतली चित्रकलेची बाई. कोल्हापुरात शिकलेली, परीक्षेत पहिली आलेली, आणि ते दर चौथ्या वाक्याला सांगणारी.

द्वारकाकाकीनं शाळेची पायरीही चढलेली नव्हती. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथींच्या घरची ती. बाईमाणसानं चित्र हातात धरायचं नाही असा त्या घरचा दंडक. बाप गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तो मोडला. कुणी हूं की चूं केलं नाही. करून बघायचं होतं!

सुमेधाच्या मांडीवर एका अमेरिकन चित्रकाराचं जाडजूड पुस्तक होतं. त्यात राजे नाहीत, देव नाहीत. पावसात भिजलेली पत्रं वाळवणारा पोस्टमन, दात पडलेली पोर, असली साधी माणसं. एकेक चित्र म्हणजे अख्खी गोष्ट. ती गोष्ट सातवीच्या मुलांना दिसावी म्हणून बाईंनी तीन शुक्रवार घसा कोरडा केला होता. मुलं खिडकीबाहेर बघत बसली. मुख्याध्यापक दारातून ते बघून गेले. उद्या पुन्हा शुक्रवार. उद्याही तेच झालं, तर चित्रकलेचा तास गणिताला जायचा होता.

“काय काय सांगलंस पोरांका?”

“सगळं! चित्रकार कुठं जन्मला, उजेड कुठून पडतो, रंग कसे लावले, चित्रात कोण कोण आहे, त्याचा अर्थ काय…”

“आणि पुस्तक कसा धरलंस?”

सुमेधानं पुस्तक आपल्या तोंडासमोर धरून दाखवलं. “वाचायचं, मग जरा त्यांच्याकडं फिरवायचं. मुलं लांबच बसवली. परदेशी कागद आहे हो. त्यांचे ते हात…”

“हां.”

काकी उठली. आतून तिनं फडक्यात बांधलेली पोथी आणली. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा, दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. त्यातलं एक तिनं उभं धरलं.

“तुका काय दिसता?”

“वनात रडणारी राणी.”

“आणि माका?”

सुमेधा उठून काकीच्या मागं गेली. “रथातला राजा… हे तर दुसरंच चित्र! मग समोरचं न बघता तुम्ही सांगता कसं?”

“तुज्या तोंडाकडे बघून.”

सुमेधा हसली. काकी हसली नाही.

“आता तू धर.”

सुमेधानं मुलांनी ज्याला सगळ्यात जास्त जांभया दिल्या ते पान उघडलं आणि पुस्तक छातीशी धरलं, चित्र काकीकडं. एक स्वयंपाकघर. टेबलाशी आई, बाप, धाकटी मुलगी जेवतायत. चौथी खुर्ची रिकामी. तिच्यापुढं एक ताट, वर दुसरं ताट पालथं घालून झाकलेलं. कुत्रा दाराकडं बघतोय.

“या चित्रात चित्रकारानं…”

“गप गो.”

…

वाचायला समोर काही नव्हतं. मग सुमेधा काकीच्या तोंडाकडं बघत राहिली. आधी भुवया चढल्या. मग ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. कुत्रा सापडला असावा. मग ते हसू गेलं.

काकीनं हात पुढं केला. खोबऱ्याच्या दुधानं ओला.

कागद! पण पुस्तक सुमेधानं मागं ओढलं नाही. बोट कुठं टेकलं ते तिला दिसत नव्हतं. ते छातीवर कळलं.

“ह्या ताट कोणाचा?”

“मोठ्या मुलाचं. बोटीवर नोकरीला गेलाय. शेवटच्या पानावर लिहिलंय.”

“मगे… तो येवन जेवलो?”

चित्रकाराचं जन्मसाल सुमेधाला पाठ होतं. खिडकीतल्या उजेडावर ती तासभर बोलली असती.

“ते… लिहिलेलं नाही.”

“पोरांका इचारलंस?”

“…नाही.”

काकीनं बोट उचललं. झाकलेल्या ताटावर एक ओला, गोल ठसा राहिला. सुमेधानं पुसायला रुमाल काढला. थोडा वेळ तो तसाच हातात धरला, आणि परत ठेवून दिला.

काकी विळीवर बसली. तिनं अर्धा नारळ खवून संपवला. मग मान वर न करता म्हणाली,

“उद्या शाळा सुटल्यावर सरळ हयसर ये. तो जेवलो काय नाय, तेवढा माका सांगून जा.”