खिंडीकडे लागलेले डोळे

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असत आणि त्यांच्या घरी एक शिष्य शिकत असे. शिष्य हुशार होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट मंदबुद्धीच्या मुलाची नाही. तशी असती तर हळहळण्यासारखे तीत काही उरले नसते. वनस्पती ओळखणे, काढे, लेप, चूर्णे हे सगळे त्याच्या हाताखालून गेले होते. राहिली होती ती नाडीपरीक्षा. तीही त्याला पोथीपुरती येत होती. वाताची नाडी सापासारखी सरपटते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी संथ चालते, हे तो झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवी.

डोंगरापलीकडच्या नगरात वैद्यकाचे एक मोठे विद्यापीठ होते. तेथे प्रवेश मिळावा ही त्या काळी प्रत्येक शिकणाऱ्याची, आणि त्याहून अधिक त्याच्या आईबापांची इच्छा असे. प्रवेशाच्या रीती दोन होत्या. बहुतेक मुले उन्हाळ्यात तेथे जात, परीक्षा देत आणि नशिबात असेल ते घेऊन परतत. ज्यांना तेवढा धीर नसे, त्यांनी आश्विनातच गुरूच्या शिफारशीसह एक सुपारी विद्यापीठाकडे पाठवायची. सुपारी पाठवली म्हणजे शब्द दिला. मग दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाचे दार वाजवायचे नाही, आणि बोलावणे आले की सबब न सांगता निरोप्याबरोबर निघायचे. होकार असेल तर निरोप्या अक्षता घेऊन येई. नकार असेल तर पाठवलेली सुपारी परत येई. लवकर उत्तर मिळते म्हणून हुशार मुले हाच मार्ग धरत. उत्तर लवकर मिळाले तरी जीव टांगणीला लागायचा तो लागतोच, हे त्यांना कोणी सांगत नसे, आणि सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते.

आपल्या शिष्यानेही सुपारी पाठवली. वैद्यांनी शिफारस मनापासून केली होती. सुपारी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाचे डोळे गावाबाहेरच्या खिंडीकडे लागले. नगराकडून येणारा माणूस त्याच वाटेने उतरत असे.

दोन-चार दिवसांनी वैद्यांनी त्याला सकाळी उपाशीपोटी अंगणात बोलावले. स्वतः भिंतीला टेकून बसले, उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "आजपासून रोज सकाळी माझी नाडी पाहायची. मला काही विचारायचं नाही. जे कळेल ते मनात ठेव, आणि सांगावंसं वाटेल त्या दिवशी सांग."

शिष्याला याचे नवल वाटले. दारात रोग्यांची रांग लागत असताना धडधाकट गुरूची नाडी कशाला पाहायची? म्हातारपणी माणसाला लहर येते, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण गुरूची आज्ञा होती. तो रोज समोर बसे, तीन बोटे मनगटावर ठेवी, थोडा वेळ थांबे आणि उठे. बसायची जागा अशी होती की वैद्यांच्या खांद्यावरून खिंड सरळ दिसे. एकदा थंडी फार होती म्हणून वैद्य आत माजघरात बसले, तर हा म्हणाला की अंगणात उजेड चांगला आहे. वैद्य घोंगडी घेऊन बाहेर आले.

वाट पाहणाऱ्याच्या अंगात जी जी लक्षणे दिसतात ती सगळी त्याच्यात दिसू लागली. जेवण कमी झाले. कावळा ओरडला तरी त्याचा अर्थ लावणे सुरू झाले. खालच्या गावातल्या एका मुलाला अक्षता आल्याचे कळले, तेव्हा तो दिवसभर कोणाशी नीट बोलला नाही. उशीर म्हणजे नकार समजायचा का, हे त्याने येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंनाही विचारले. त्याच्या आईने तर होकार आल्यासारखे चारचौघांत सांगून ठेवले होते, त्याची धास्ती वेगळीच. एकदा कुंभाराची सून चक्कर येते म्हणून आली होती. तिचा हात हातात असताना खिंडीत धूळ उडाली, आणि "काही नाही, पित्त आहे" असे म्हणून तो उठून वाटेवर धावला. धूळ गुरांची होती. परत येईतो वैद्यांनी तिला पुन्हा तपासले होते आणि तिला दिवस गेल्याचे तिच्या सासूच्या कानावर घातले होते. शिष्याला ते त्यांनी बोलून दाखवले नाही. सासूने मात्र दाखवले.

वैद्यांची चाल या दिवसांत मंदावली होती. औषधे कुटायचे काम ते आता दुसऱ्यांना सांगत. नदीवर अंघोळीला जाणे सोडून घरीच पाणी घेत. हे गावातल्या बायकांच्या लक्षात आले, शेजारच्या सुताराच्या लक्षात आले. ज्याची बोटे रोज त्यांच्या मनगटावर होती त्याच्या आले नाही.

शेवटी एका दुपारी निरोप्या आला. त्याच्या हातात हळदकुंकू लावलेल्या अक्षता होत्या. मुलाच्या आईने घरोघर पेढे वाटले, वडिलांनी निरोप्याला ओवरीत उतरवून घेतले. शिष्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा वैद्यांनी त्याला उठवून जवळ घेतले. ते खरोखर आनंदले होते. निरोप्याने सांगितले की परवा सकाळी निघायचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्य नेहमीच्या जागी बसले आणि त्यांनी हात पुढे केला. शिष्य हसत समोर बसला. आता खिंडीकडे बघायचे कारण उरले नव्हते. कित्येक दिवसांनी त्याचे मन जागेवर होते, आणि बोटे मनगटावर टेकली तशी त्याला नाडी लागली. मळ्यातल्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी जसे थबकत थबकत पोचते, तशी ती येत होती. मध्येच थांबत होती, पुन्हा चालत होती, आणि आपली जागा सोडून वर सरकली होती. असे लक्षण त्याने पोथीत वाचले होते. त्याचा अर्थही त्याला पाठ होता.

त्याचा चेहरा उतरला. त्याने बोटे काढून पुन्हा ठेवली. मग हळूच विचारले, "गुरुजी, हे केव्हापासून आहे?"

"ते तू मला सांगायचं," वैद्य म्हणाले. "पहिल्या दिवशी नाडी कशी होती?"

शिष्याने आठवून पाहिले. त्याला पहिल्या दिवशीची खिंड आठवली, तिच्यावरचे ढग आठवले, उतरून आलेली बैलगाडीसुद्धा आठवली. नाडी आठवली नाही. कोजागिरीनंतरची, दिवाळीतली, कालची, एकही आठवली नाही. त्याने मान खाली घातली आणि तो रडू लागला. गुरुजींनी आधी का सांगितले नाही, असे त्याने कसेबसे विचारले.

वैद्यांनी त्याला डोळे पुसायला लावले. मग म्हणाले, "मला माझं दुखणं आश्विनातच कळलं होतं. त्यावर औषध नाही, तेव्हा वाटलं, निदान तुझ्या उपयोगी पडावं. रोग्याची नाडी आपण एकदा पाहतो, फार तर दोनदा. तो बरा होतो, नाहीतर आपल्याला बोलावणं बंद होतं. एकाच माणसाची नाडी चांगली असल्यापासून शेवटापर्यंत रोज पाहायला मिळणं, हे कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. मला माझ्या गुरूंकडे मिळालं नव्हतं. तुला ते द्यावं असं मनात होतं. माणूस कसा कसा जातो हे कळलं, तर त्याला थोपवायचं कुठे तेही एखाद वेळी कळतं. सांगितलं असतं तर तू माझी सेवा करत बसला असतास, नाडी शिकला नसतास. म्हणून बोललो नाही." पुढचे ते जरा हळू बोलले. "पण बाळ, यात माझंही चुकलंच. आज तुझ्या ध्यानात येईल, उद्या येईल, असं म्हणत मी बसून राहिलो. तू निरोप्याची वाट पाहत होतास आणि मी तुझी. एक दिवस तुझं तोंड धरून माझ्याकडे वळवायला हवं होतं."

मी जात नाही, अक्षता परत करतो, असे शिष्य म्हणाला. वैद्यांनी मान हलवली. शब्द दिला आहे, त्यावर शिफारस माझी आहे, असे ते म्हणाले. शिवाय शेवट पाहण्यासाठी थांबून काय मिळणार होते? सुरुवात गेली होती. शेवट तर कुंभारालाही कळतो आणि सुतारालाही. तो दिवस आणि ती संध्याकाळ शिष्य त्यांच्याजवळून हलला नाही. सकाळी निरोप्या दाराशी आला तेव्हा वैद्यांनीच त्याच्या खांद्यावर पडशी दिली.

महिनाभरात गावाकडून जे कळायचे ते कळले. शिष्य मात्र विद्यापीठात मन लावून शिकू लागला. चांगला वैद्य होण्यासाठी लागते ते सगळे तेथे होते, आचार्यही मोठे होते.

पुढे एकदा आचार्य क्षीण नाडीचे प्रकरण शिकवत होते. हळूहळू विझत जाणाऱ्या माणसाची नाडी महिन्या-दोन महिन्यांत कशी पालटते, याचे श्लोक त्यांनी सांगितले आणि म्हणाले की याचे वर्णन आमच्या आचार्यांनीही ऐकीवच दिले आहे, कारण असे रोज पाहायला कोणाला मिळत नाही. मग सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, "तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का?"

सगळे विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. त्या शिष्याचा हात अर्धा वर गेला आणि तसाच खाली आला. आचार्यांनी ते पाहिले व त्याला उभे केले.

तो म्हणाला, "माझी बोटं रोज तिच्यावर होती, आचार्य. पण मी ती पाहिलेली नाही."

वर्गात कोणी हसले नाही. आचार्यांनी त्याला बसायला सांगितले आणि ते पुढच्या श्लोकाकडे वळले.