सगुणाक्काचा इंच

एका पेठेत सगुणाक्का तांबट नावाची एक बाई पितळी बिजागऱ्या करायची. देवघराच्या दाराला लागतात तसल्या, एक इंची. कानस मारून झाली की प्रत्येक बिजागरी पोलादी पट्टीवर ठेवायची, मगच ती डब्यात पडायची. इंचाची सुतं आठ. सगुणाक्काच्या इंचाची साडेसात कधी झाली नाहीत, हे पेठेत कोणीही सांगेल.

एकदा तिने शहरातल्या बापूशेठकडे सहाशे बिजागऱ्या नेल्या. बापूशेठ देवघरांचा मोठा व्यापारी. त्याने नुकताच भला मोठा कॉम्प्युटर घेतला होता, आणि नवी कुऱ्हाड घेतलेला माणूस ओलं-सुकं पाहत नाही. त्याने पडद्यावर मोजपट्टी उघडली आणि बिजागरी काचेला लावली.

“अक्का, ही सातच सूत भरते. माल ठेवतो मी, पण माप चुकलं असं लिहून दे. गिऱ्हाइकाला दाखवायला बरं.”

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. तो कागद फिरला असता, तर तिच्या डब्याला पुन्हा कोणी हात लावला नसता.

सोबत आलेला दीर कानाशी लागला, “वहिनी, देऊन टाका सही. मोठ्या माणसाशी वाकडं कशाला?”

“सहाशेच्या सहाशे उचलून नेईन,” सगुणाक्का म्हणाली, “पण सही देणार नाही.” तिने पिशवीतून आपली पट्टी काढली.

शेठ हसला. “तुझी पट्टी तुझीच बाजू घेणार.”

“मग तुमच्या खिशातलं काढा. बँकेचं कार्ड. बँक कुठलीही असो, लांबी तीन इंच तीन सूत.”

शेठने कार्ड काचेला लावलं. जेमतेम तीन इंच.

“आता बँकेचीही सही घ्या, शेठ. त्यांचं कार्डही आखूड निघालं.”

दिराला हसू आवरेना. पडद्यावरची पट्टी आधी ठाऊक असलेल्या वस्तूशी जुळवावी लागते, नाहीतर मोठ्या पडद्यावर इंचही फुगतो. पट्टीखाली तसं लिहिलेलं होतं. शेठने वाचलं नव्हतं. त्याने पट्टी कार्डाशी जुळवली आणि बिजागरी पुन्हा लावली. पुरी आठ सूत.

“बरं, झालं गेलं,” शेठ म्हणाला. “ठेव माल.”

“ठेवते. पण कागद काढलाच आहे, तर तुम्ही लिहा. माप बरोबर होतं.”

शेठने तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि लिहून खाली सही केली.

तात्पर्य: जो आपल्याला आखूड ठरवतो, त्याची पट्टी आधी तपासून घ्यावी, आणि काम चोख असेल तर समोर कितीही मोठा असो, खोट्यावर सही करू नये.