न पाहिलेल्या गाडीचा रंग

फार फार पूर्वीची गोष्ट. माणसं तेव्हा शहाणी झालेली नव्हती, पण लढाईला मात्र कंटाळली होती.

डोंगराच्या उतारावर दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. दोन्हींच्या मधे बारमाही हिरवं कुरण. त्या कुरणापायी दोन्ही गावांनी पुष्कळ वर्षं एकमेकांची डोकी फोडली. मग म्हणे एका म्हातारीने दोन्हीकडच्या म्होरक्यांना समोरासमोर बसवलं आणि विचारलं, की इतकी डोकी फुटली, त्याने कुरण वीतभर तरी वाढलं का? वाढलं नव्हतं. तेव्हापासून ठरलं, की लढायचंच असेल तर पटावर लढायचं.

पट म्हणजे लहानसहान नव्हे. चार माणसं आडवी होतील एवढी फळ्यांची बैठक, तिच्यावर वाळू, वाळूत टेकड्या आणि ओढे, आणि दोन टोकांना दोन निशाणं. दोन्ही गावांचं सैन्य लाकडाचं. प्यादी, घोडे, तोफा, हत्ती. कवड्या टाकायच्या आणि पडेल त्या दानावर एक तर चाल करायची, नाही तर तोफ डागायची. ज्याचा गडी समोरच्या निशाणाला आधी शिवेल, त्या गावची गुरं पुढली तीन वर्षं कुरणात चरणार.

नियम थोडेच होते, पण कडक. रंग न दिलेलं लाकूड पटावर चालत नसे. रंग नाही तोवर ते सैन्य नव्हे, सरपण. पटावर मेलेला गडी मारणाऱ्याच्या गावाला जायचा, तो कायमचाच. आणि जे गाव ओळीने चारदा हरेल, त्याचा कुरणावरचा हक्क संपला.

खालचं गाव ओळीने तीनदा हरलेलं होतं.

त्या गावात एक चितारी राहायचा. गावचं सगळं लाकडी सैन्य त्याच्या हातून रंगून जायचं. हात असा, की त्याने डोळे लिहिले की घोडा आता फुरफुरेल असं वाटावं. त्याचा थोरला भाऊ लाकूड कोरायचा आणि हा रंगवायचा. भाऊ जरा वेगळ्याच तारेतला होता. अंगणात उताणा पडून चांदण्या बघायचा आणि काहीबाही बोलायचा. म्हणायचा, एक दिवस असा येईल की गाडीला बैल लागणार नाही, घोडा लागणार नाही. माणसं चांदण्यांवर जातील, आणि तिथे लढायला लोखंडाची गाडी नेतील. त्यावर चितारीण म्हणाली होती, की माणसं चांदण्यांवर गेली तरी भांडण शिदोरीसारखं बांधूनच नेणार.

त्या भावाने पांगाऱ्याच्या एकाच ठोकळ्यातून तशी गाडी कोरली. बुटकी, रुंद, चारी बाजूंनी बंद. चाकांना साखळीचा पट्टा गुंडाळलेला. डोक्यावर फिरतं घुमट आणि घुमटातून पुढे आलेली लांब नळी. गाडी धाकट्याच्या हातात दिली आणि म्हणाला, हिचा रंग तू शोध. त्याच सालच्या तापात तो गेला, आणि कोरायचं कामही धाकट्यावर आलं.

चिताऱ्याने गाडीला चिंचोक्याच्या खळीत खडू कालवून पांढरा हात दिला. आणि तिथेच गाडं अडलं.

हत्ती काळा असतो, हे कुणालाही ठाऊक. घोडा पांढरा नाही तर तांबडा. प्याद्याचं पागोटं लाल. पण जी गाडी अजून जगात यायचीच आहे, तिचा रंग कोणता? आकाशातून जाणारी म्हणून त्याने नीळ कालवली, तर ती कृष्णाच्या पाळण्यासारखी दिसू लागली. पुसली. लोखंड म्हणून काजळी लावली, तर चुलीवरचं भांडं. पुसली. भावाने एवढं कोरलं आणि आपण ते बिघडवलं तर, असं मनात आलं की तो कुंचली खाली ठेवायचा. चांगला मुहूर्त लागेल, चांगला रंग सुचेल, तेव्हा बघू, असं म्हणत त्याने गाडी फळीवर ठेवली.

ती बारा वर्षं तिथेच राहिली. पांढरा हात पिवळा पडला. नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. येणारे-जाणारे विचारत, हे काय, सांडशी ठेवायचं भांडं का? चितारी सांगायचा, काम चालू आहे.

तर त्या वर्षी पटाला तीन दिवस उरले असताना खालच्या गावचा म्होरक्या आपल्या जावयाला गावचा हत्ती दाखवायला गेला. मिरवायची हौस, दुसरं काय. हत्ती हातातून निसटला आणि पायरीवर आपटला. सोंड गेली, पुढचा पाय गेला. नवा कोरावा तर ओलं लाकूड सावलीत महिनाभर सुकावं लागतं, नाही तर रंगासकट तडकतं. हत्तीवाचून पटावर बसणं म्हणजे कुरण आपल्या हाताने सोडून देणं.

म्होरक्या चिताऱ्याच्या दारी आला. बोलता बोलता त्याची नजर फळीवर गेली. तेवढी उतरव आणि रंगव, म्हणाला. चिताऱ्याने सांगितलं, की हिचा रंग मला ठाऊक नाही.

"गुरं उपाशी मरतील तेव्हा त्यांना सांग, रंग ठाऊक नव्हता म्हणून," म्होरक्या म्हणाला, आणि निघून गेला.

पहिला दिवस कालवाकालवीत गेला. लाल हिंगूळ झाला, पिवळा हरताळ झाला. लावायचा, लांब धरून बघायचा, ओल्या फडक्याने पुसायचा. गाडी होती तशी. दुसऱ्या दिवशी दुपारी चितारीण खळ ढवळत बसली होती. बारा वर्षं गप्प राहिलेली बाई. तिने पळी खाली ठेवली.

"अहो, एक विचारू? ही गाडी कुणी पाहिली आहे का?"

"कोण पाहणार? अजून व्हायची आहे ती."

"मग जी कुणी पाहिलीच नाही, तिचा रंग चुकला असं म्हणणार कोण?"

चिताऱ्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, की तरी सुरुवात कशाने करू? ती म्हणाली, की गाडी चांदण्यांवर चालो नाही तर चिखलात, चाललेल्या गाडीला वाटेची माती लागते. एवढं बोलून तिने पळी उचलली.

मग मात्र तो उठला. कुंभारमाशीचं घर काडीने काढून टाकलं. जुना पिवळा हात खरवडला आणि नवा दिला. तांबूस काव घेतली, तीत थोडी काजळी, थोडा हरताळ, आणि उन्हाळ्यात डोंगर दिसतो तसा मातकट रंग साऱ्या गाडीवर चढवला. पट्ट्याच्या खाचांत काळं भरलं. कडांवर रंग उडून लोखंड उघडं पडलंय, असं बारीक करडं लिहिलं. खाली गेरूचे शिंतोडे, लाल मातीतून नुकतीच आल्यासारखे. घुमटाला एक इवली खिडकी होती, तीत खारीच्या केसाच्या कुंचलीने एक पिवळा ठिपका दिला. तेवढ्याने आत कुणीतरी बसलंय असं वाटू लागलं.

बारा वर्षं अडलेलं काम दीड दिवसात झालं. लाखेचा शेवटचा हात वाळला आणि त्याने गाडी तळहातावर घेतली. मग त्याला आठवलं, की पटावर मेलेला गडी परत येत नाही.

आता बघा माणसाचं मन. बारा वर्षं बिघडेल म्हणून भीती, आणि चांगलं झालं तर जाईल म्हणून भीती. पटाच्या सकाळी तो म्होरक्याकडे गेला आणि आडून आडून बोलू लागला, की हत्तीवाचूनही काही लोक जिंकलेत म्हणे, एक गडी कमी असला म्हणून काय झालं. म्होरक्याने सगळं ऐकून घेतलं. बाहेर गोठ्यात गुरं हंबरत होती. चिताऱ्याने ती ऐकली. मग तो गाडी फडक्यात गुंडाळून कुरणाकडे चालू लागला.

नवा गडी पटावर आला, की चिताऱ्याने तो आपल्या हाताने ठेवायचा आणि वाळूला हात लावून त्याची चाल सांगायची, अशी रीत होती. खोटं सांगितलं तर डाव तिथेच हरला. चिताऱ्याने फडकं सोडलं. वरच्या गावचा म्होरक्या वाकून बघू लागला. तो पटावरचा मुरलेला गडी, जिभेचा तिखट.

"काय रे चिताऱ्या, तुमच्याकडे कासवांना सोंडा फुटायला लागल्या का?"

त्याची माणसं हसली. खालची माणसं पायाकडे बघू लागली. चिताऱ्याने वाळूला हात लावला.

"हत्तीच्या जागी आहे. हत्तीएवढंच चालेल, हत्तीएवढंच मारेल. जास्त काही नाही."

खरं तेच तो बोलला. पण खरं बोललेलं पटावर कोण खरं मानतो? वरच्या म्होरक्याचं हसू हळूहळू उतरलं. गाडी नवीकोरी, चकचकीत असती तर त्याला ती खेळणं वाटली असती. ही तर कुठूनतरी लढून आल्यासारखी दिसत होती, अंगावर चिखल, कडांना ओरखडे, आत दिवा लावून कुणी बसलेलं. असली वस्तू नुसती हत्तीएवढी चालते? यात काहीतरी मेख आहे, असं तो आपल्या माणसांच्या कानात सांगू लागला. आधी ही संपवा, मग बाकीचं बघू.

डाव सुरू झाला. खालच्याने गाडी मधोमध पुढे काढली. वरच्याने तोफ डागली, दान फुकट गेलं. पुन्हा डागली, पुन्हा फुकट. त्याने दोन्ही बाजूंच्या तोफा मधे वळवल्या. दान पडत नव्हतं, आणि जितकं पडत नव्हतं तितकी गाडी त्याला मोठी दिसत होती. तिकडे ओढ्याच्या काठाने खालच्या गावची तीन प्यादी एकेक घर सरकत होती. लाल पागोट्याची, साधी, वीस वर्षांपूर्वी रंगवलेली. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

सहाव्या दानाला गाडी मेली.

वरच्या गावात एकच कल्ला झाला. म्होरक्याने गाडी उचलली, डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली, घुमट फिरवून बघितलं. खाली बघतो तो एक प्यादं त्याच्या निशाणापासून दोन घरांवर. सगळ्या तोफा मधे वळलेल्या, तिकडे तोंड करून एकही नाही. खालच्या म्होरक्याने कवड्या टाकल्या. दोनच हवे होते, चार पडले.

खालच्या गावाने चिताऱ्याला खांद्यावर घेतलं. तो तिथून वरच्या माणसांच्या हाताकडे बघत होता, गाडी कशी धरलीय ते. खाली उतरल्यावर तो वरच्या म्होरक्यापाशी गेला. सगळ्यांना वाटलं, आता हा टोमणा मारून हिशेब चुकता करणार.

"नळीत पाणी जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "लाकूड फुगतं."

म्होरक्याने मान हलवली आणि गाडी आपल्या शेल्यात गुंडाळली.

गुरं तीन वर्षं कुरणात चरली. चिताऱ्याने दुसऱ्याच दिवशी नव्या हत्तीसाठी ओंडका सावलीत ठेवला. भावाच्या हातच्या आणखी दोन-तीन वस्तू माळ्यावर होत्या, कसल्या ते कुणालाच नीट कळत नव्हतं. त्याही त्याने उतरवल्या आणि एकेक करून रंगवून टाकल्या. काही चांगल्या झाल्या, एक साफ फसली. ती लेकीच्या पोरांनी खेळायला नेली.

तीन वर्षांनी पुन्हा पट मांडला तेव्हा वरच्या गावाने चार गाड्या आणल्या. बुटक्या, नळीच्या, आणि चारीही मातकट, खाली लाल शिंतोडे. बघणाऱ्यांतल्या एकाने त्यांच्या चिताऱ्याला विचारलं, की चार गाड्या केल्या, मग एक निळी, एक हिरवी का नाही केली? तो वरचा चितारी जरा चिडलाच.

"अहो, या गाडीचा रंग असाच असतो," तो म्हणाला.

खालचा चितारी पलीकडेच उभा होता. त्याने ऐकलं, आणि आपला नवा हत्ती पटावर ठेवला.

म्हणून सांगते, चुकेल या धाकाने राखून ठेवलेलं काम कुणाचंच होत नाही, आणि पुरं केलेलं काम दुसऱ्याच्या हाती गेलं तरी आपलंच राहतं.