राक्षस कुणाचा?

एकदा काय झालं, डोंगरातून एक राक्षस खाली उतरला. ताडाएवढा उंच! कुणाला खायला नव्हे हं, तोच बिचारा उपाशी होता. डोंगरातली करवंदं संपली होती. पण त्याला बघून गावानं धडाधड दारं लावली.

एक दार तेवढं उघडं राहिलं. भागाबाई तेलिणीचं. तिचा बैल मेला होता, म्हणून ती स्वतःच घाणा ओढत होती. दार लावायला हात कुठे मोकळा? राक्षस दारात बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा जीव रडतोय म्हटल्यावर तिला राहवेना. तिनं आपल्या भाकऱ्या, वर तेल-चटणी घालून, त्याला वाढल्या. राक्षसानं डोळे पुसले आणि एका बोटानं घाणा फिरवला. गर्रर्र! बघता बघता घागरी भरल्या.

मग काय! सगळी दारं उघडली. जो तो विचारू लागला, "हा राक्षस कुणाचा?"

राजा म्हणाला, "राज्य माझं, मग राक्षसही माझाच." आता हुकूम एकाचा, त्यामुळे वाद नाही, भांडण नाही. डोंगरापर्यंतचा रस्ता चुटकीसरशी झाला, खोटं कशाला बोला! पण मग राजवाड्याला भिंत. त्या भिंतीला आणखी एक भिंत. इकडे नदीच्या बांधाला भेग पडली, तर राजाला सांगायचं कुणी? तो चिडला तर? कुणीच बोललं नाही. पाणी शिरलं आणि खालची शेतं वाहून गेली.

राजा घाबरला. केसरशेठ नावाचा व्यापारी होता, त्याला म्हणाला, "घे बाबा, तूच सांभाळ." शेठ हुशार. जो जास्त धान्य देईल, त्याचं काम आधी. मग बाजार असा फुलला म्हणता! गूळ आला, बांगड्या आल्या, लाकडी घोडे आले. पण भागाबाईची पाळी काही येईना. आणि बांध कुणा एकाचा थोडाच होता? त्यासाठी धान्य कोण देणार? भेग तशीच राहिली.

मग लोक चिडले. म्हणाले, आता सगळं सगळ्यांचं. एकच कोठार, सगळ्यांना सारखं. त्या वर्षी गावात कुणी उपाशी झोपलं नाही, बरं का. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडभर आशीर्वाद दिले. पण नांगर धरणाऱ्यालाही दोन भाकऱ्या, आणि पारावर लोळणाऱ्यालाही दोन. मग हळूहळू जो तो पारावर. "राक्षस आहे की!" आणि राक्षसाला किती? सगळ्यांना सारखं ना? त्यालाही दोनच! ताडाएवढ्या देहाला दोन भाकऱ्या! एक दिवस तो धाडकन कोसळला. आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं.

सगळे धावले. "आता बांध कोण बांधणार?"

भागाबाई मात्र राक्षसाच्या कानाशी बसली. म्हणाली, "बाळा, तुला रे काय हवं?"

राक्षसानं डोळे उघडले. "मावशी, मी कुणाचा, ते सगळ्यांनी विचारलं. मला काय हवं, ते तूच विचारलंस गं."

लोकांच्या माना खाली गेल्या. तिथेच चिखलात सगळे बसले, राजासुद्धा. प्रत्येकाला बोलू दिलं. भांडले, रुसले, पुन्हा बोलले. मग ठरलं की शेत ज्याचं त्याचं, बाजारही चालू दे. पण प्रत्येकानं पिकातला वाटा कोठारात टाकायचा. तो दुबळ्यांसाठी, बांधासाठी. जो जेवढा राबेल, त्याला तेवढं पोटभर. आणि राजानं अशा सगळ्यांच्या सभेचं ऐकायचं. नाही ऐकलं, तर सभा दुसरा राजा निवडील.

राजानं मुकुटावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "बरं. बांधाला भेग पडली, तर निदान मला कळेल तरी."

मग घराघरांतून भाकऱ्या आल्या. राक्षस जेवला, उठला आणि बांधाला पाठ लावून उभा राहिला. लोकांनी पाट्या भरभरून माती टाकली. शेठनं टाकली, राजानंही टाकली. पाणी आलं, धडका देऊन गेलं. बांध हलला नाही.

सकाळी सभा बसली. राक्षसानं भीतभीत हात वर केला. "आज मी झोपू का?"

सगळ्या गावाचे हात वर!

तो आडवा झाला. भागाबाईनं आपली घोंगडी त्याच्या अंगावर घातली, ती अंगठ्यापुरतीच झाली. मग शेजारणीनं गोधडी आणली. शेठनं जाजम आणलं, राजानं शालजोडी आणली. असं करत करत साऱ्या गावानं मिळून त्याला पांघरूण घातलं, आणि दिवसभर गाव पाय न वाजवता चाललं.

तो सुखात झोपला, गाव सुखात राहिलं. चला, तुमचंही पांघरूण ओढा बघू गळ्यापर्यंत. झोपा आता.