ए वाढप्या!

"मी वाढप्या आहे का, महाराज? तेवढं सांगा!"

चिदंबरबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांचा लाडका शिष्य हरिदत्त समोर येऊन उभा ठाकला होता. रागाच्या भरात हातातली भातवाढी तशीच घेऊन आला होता.

"कोण म्हणालं?"

"ते मोतीशेठ! भरल्या पंगतीत ओरडले, 'ए वाढप्या, इकडे भात!' काशीला जाऊन न्यायशास्त्र शिकून आलो मी. आज भंडारा, म्हणून धोंडबाला पंगतीत बसवून हौसेनं बादली उचलली, तर ही किंमत? त्यांना माफी मागायला लावा, नाहीतर मी आत्ताच्या आत्ता मठ सोडतो."

बुवा वात वळत राहिले.

"धोंडबा रोज वाढतो. त्याला कशी हाक मारतोस?"

"ए... वाढप्या."

"मग?"

"पण तो वाढप्याच आहे, महाराज!"

बुवांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. त्यांची अशी नजर हरिदत्तानं कधी पाहिली नव्हती.

"भाताची बादली कुठंय?"

"ठेवली तिथंच. मोतीशेठच्या पानापुढं."

शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, ही मठाची रीत. सगळी पंगत हात आखडून बसली होती. दाराकडच्या लेकुरवाळ्यांची पोरं भुकेनं रडत होती, आणि हे पंडित इथं आपला मान कुरवाळत उभे!

तेवढ्यात आतून आवाज आला, "ए वाढप्या! मेलास का कुठं?"

"आलो, शेठ!" बुवांनीच ओ दिली.

त्यांनी हरिदत्ताच्या हातातली भातवाढी घेतली आणि ते आत गेले.

त्यांना पाहताच मोतीशेठ पानावरून अर्धवट उठले. बुवांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, बादली उचलली आणि पार दारापर्यंत भात वाढत नेला. हरिदत्त खाली मान घालून मागोमाग.

दारापाशी धोंडबा बसला होता. त्याच्या शेजारचं पान रिकामं होतं.

"बस इथं," बुवा हरिदत्ताला म्हणाले.

"महाराज, द्या ती बादली... मी वाढतो."

"बस."

हरिदत्त बसला. पानावर भात पडला.

"आणखी लागला, तर हाक मार," बुवा म्हणाले. "रोज मारतोस, तशीच."